भाताच्या पिकांतील सिलिका : तिचें शोषण व रोगप्रतिकारांतील उपयोग

पिकाच्या अन्नाचा विषय निघाला म्हणजे नत्र, स्फुरद व पालाश हीं तीन नांवें आतां प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडीं येतात. परंतु भाताचें पीक जमिनींतून ज्या खनिज द्रव्याचा सर्वांत मोठा वांटा उचलून नेतें, त्याचें नांव खताच्या पिशवीवर बहुधा आढळत नाहीं. तें द्रव्य म्हणजे सिलिकॉन होय. हेक्टरीं ५ टन उत्पन्न देणारें भाताचें पीक दाणा व पेंढा मिळून २३० ते ४७० किलो सिलिकॉन जमिनींतून काढतें, असें मोजणीवरून ठरलें आहे. एकराच्या हिशेबानें ही रक्कम सुमारें ९० ते १९० किलो होते. याच पिकाला लागणारें नत्र एकरीं ३० ते ४० किलोच्या आसपास असतें. म्हणजे ज्या नत्रासाठीं आपण हंगामांत दोन-तीन वेळां पैसे मोजतों, त्याच्या तीन ते पांच पट सिलिकॉन पीक मुकाट्यानें घेऊन जातें, व त्याची नोंद आपल्या वहींत कोठेंही होत नाहीं.

एवढें द्रव्य पीक उगीच घेत असेल असें मानण्यास जागा नाहीं. तें कसें घेतलें जातें, पानांत त्याचें काय होतें, तें कमी पडल्यास करपा, तपकिरी ठिपके व खोडकिडा यांचें फावतें तें कां, आणि पेंढा व तूस शेताबाहेर घालविणाऱ्या शेतकऱ्याचें त्यांत काय नुकसान होतें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

सिलिकॉन म्हणजे काय

सिलिकॉन हें मूलद्रव्य आहे. प्राणवायूशीं त्याचा संयोग झाला म्हणजे सिलिका होते. गारगोटी, वाळू, कांच या सर्वांत मुख्य भाग सिलिकेचाच. एक किलो सिलिकॉनपासून सुमारें २ किलो १४० ग्रॅम सिलिका होते. म्हणून एखाद्या पत्रकांत आंकडा सिलिकॉनचा दिला आहे कीं सिलिकेचा, हें प्रथम पाहावें, नाहींतर हिशेब दुपटीनें चुकतो.

भूकवचाच्या वजनांत प्राणवायूच्या खालोखाल सिलिकॉनचाच भाग असून तो शेंकडा सुमारें २८ आहे. यावरून कोणीही म्हणेल कीं, ज्या द्रव्याची शेतांत अशी रेलचेल आहे तें पिकाला कमी पडेलच कसें ? या शंकेचें उत्तर असें कीं, शेतांत असणें निराळें आणि पिकाच्या मुळाला मिळणें निराळें. वाळूचा कण पाण्यांत जवळजवळ विरघळतच नाहीं. पीक घेतें तें सिलिकॉन पाण्यांत विरघळलेल्या सिलिसिक आम्लाच्या रूपांत असतें. जमिनींतील पाण्याच्या एका लिटरांत तें सिलिकेच्या मापानें साधारणतः ६ ते ३६ मिलिग्रॅम इतकेंच सांपडतें. कोठारांत धान्य पुष्कळ आहे, पण दार लहान आहे, असा हा प्रकार आहे.

शास्त्रज्ञांचें लक्ष या द्रव्याकडे कसें गेलें

वनस्पतींच्या राखेंत सिलिका असते ही गोष्ट स्वित्झर्लंडमधील द सोस्यूर यांनीं १८०४ सालीं प्रसिद्ध केलेल्या राखेच्या पृथक्करणांत दाखविली. गवतवर्गाच्या वनस्पतींना ताठपणा येतो तो त्यांच्या सालींतील सिलिकेमुळें, असें मत इंग्लंडांत हंफ्री डेव्ही यांनीं शेतकी रसायनावरील आपल्या १८१३ सालच्या ग्रंथांत मांडलें. पुढें १८६० नंतरच्या दशकांत जर्मनींतील युलियस झाक्स प्रभृतींनीं मातीवांचून, केवळ क्षार मिसळलेल्या पाण्यांत मका वाढविला. त्यांत सिलिका जवळजवळ नसतांनाही मका दाण्यावर आला. तेव्हां ‘सिलिका अवश्य नाहीं’ असा निकाल लागला, आणि आवश्यक अन्नद्रव्यांच्या यादींतून तिचें नांव गळलें तें आजही तेथें नाहीं.

पण प्रयोगशाळेंतील भांडें आणि शेत यांत एक मोठा भेद आहे. भांड्यांतील रोपाला रोग नसतो, कीड नसते, वारा नसतो, तहान नसते. शेतांतील रोपाला हें सर्व असतें. सिलिकेचा उपयोग नेमका या संकटांच्या वेळीं होतो. जपानांत ओनोदेरा यांनीं १९१७ सालीं करपा पडलेल्या व निरोगी भाताच्या पानांचें पृथक्करण केलें, तेव्हां रोगट पानांत सिलिका कमी आढळली. तेथून जपानांत या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला, आणि १९५५ सालीं तेथील सरकारनें लोखंडाच्या भट्टींतील मळीपासून केलेल्या सिलिकायुक्त खतास भातासाठीं मान्यता दिली. अमेरिकेंत इमॅन्युएल एप्स्टाइन यांनीं १९९४ सालीं लिहिलेल्या लेखानंतर इतर देशांतही या विषयाकडे नव्यानें लक्ष गेलें. आज सिलिकॉनची गणना सर्वसाधारणपणें ‘आवश्यक’ द्रव्यांत न करितां ‘हितकारक’ द्रव्यांत केली जाते. भाताच्या बाबतींत मात्र हा भेद कागदावरचाच राहतो, हें पुढील हकीकतीवरून दिसेल.

मुळांतील दोन दरवाजे

भाताच्या मुळाच्या आडव्या छेदांत दोन कडीं अशीं असतात कीं, त्यांतून पाणी व क्षार पेशींच्या फटींतून आयते आंत जाऊं शकत नाहींत. त्यांना पेशींच्या आंतूनच जावें लागतें. हीं कडीं म्हणजे घराच्या बाहेरची व माजघराची अशा दोन भिंतीच समजाव्या. सिलिसिक आम्ल या भिंती कसें ओलांडतें, हें कोडें जपानांतील ओकायामा विद्यापीठाचे प्राध्यापक जिआन फेंग मा व त्यांचे सहकारी यांनीं सोडविलें. त्यांनीं भाताचें एक असें बिघडलेलें वाण निवडून काढलें कीं, ज्याचीं मुळें सिलिकॉन घेऊंच शकत नव्हतीं. त्या वाणाची निरोगी भाताशीं तुलना करून २००६ सालीं त्यांनीं सिलिकॉन आंत घेणारें प्रथिन, व २००७ सालीं तें पुढें ढकलणारें दुसरें प्रथिन शोधून काढलें. पहिल्यास एलएसआय-१ व दुसऱ्यास एलएसआय-२ अशीं नांवें आहेत.

यांची योजना पाहण्यासारखी आहे. प्रत्येक भिंतीच्या बाहेरील अंगास एलएसआय-१ हें आंत घेण्याचें दार, आणि आंतील अंगास एलएसआय-२ हें पुढें ढकलण्याचें दार. एकानें घ्यावें व दुसऱ्यानें पुढें द्यावें, अशी ही हातोहात रवानगी असल्यामुळें जमिनींतील पाण्यांत थोडकें असलेलें सिलिकॉन भात मोठ्या प्रमाणावर खेंचून घेऊं शकतो. भाताच्या वाळलेल्या पाल्यांत शेंकडा दहापर्यंत सिलिकॉन सांपडूं शकतें. टोमॅटो, हरभरा, तूर अशा पिकांत ही व्यवस्था नाहीं अगर दुबळी आहे. म्हणून त्यांच्या पाल्यांत सिलिकॉन फारच थोडें असतें. ऊंस, गहूं इत्यादि गवतवर्गीय पिकें भाताच्या बाजूचीं, काकडी-भोपळ्याचे वेल मधले, व कडधान्यें आणि टोमॅटो शेवटचीं, असा साधारण क्रम लक्षांत ठेवावा.

वर सांगितलेलें बिघडलेलें वाण जेव्हां प्रत्यक्ष शेतांत लाविलें, तेव्हां त्याचें दाण्याचें उत्पन्न निरोगी वाणाच्या सुमारें एक दशांश भरलें. दुसरी सर्व खतें, पाणी व जमीन तीच. उणीव केवळ सिलिकॉनची. भाताच्या शेतकऱ्यानें हा एक आंकडा मनांत ठेविला तरी पुरे आहे.

पानांतील कवच

मुळांतून निघालेलें सिलिसिक आम्ल रसाबरोबर वर चढतें व पानांपर्यंत पोंचतें. पानांतून पाण्याची वाफ होऊन जाते, आम्ल मात्र मागें राहतें व घट्ट होत जातें. लिटरांत सुमारें १२० मिलिग्रॅम सिलिकेहून अधिक दाट झालें कीं तें विरलेलें राहूं शकत नाहीं; गोठून त्याचा लगदा बनतो व पुढें तो कांचेसारखा कठीण होतो. भाताच्या पानावर जें मेणचट पातळ आवरण असतें, त्याच्या लगेच खालीं हा सिलिकेचा थर बसतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारें चारशेव्या भागाइतकी, म्हणजे वरच्या मेणचट आवरणाच्या कित्येक पट असते. याशिवाय पानाच्या शिरांवर डमरूच्या आकाराच्या कांहीं पेशी पूर्णपणें सिलिकेनें भरून जातात. भाताचें पान उलट्या दिशेनें बोटांतून ओढल्यास कापतें, व तुसाचा खरखरीतपणा दगडी जात्यासही झिजवितो, याचें कारण हीच सिलिका होय.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. नत्र कमी पडलें तर रोप जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पानांना पुरवितें. म्हणून जुनीं पानें आधीं पिवळीं पडतात. सिलिकेचें तसें नाहीं. एकदां गोठून बसलेली सिलिका पुन्हां हालत नाहीं. प्रत्येक नव्या पानाला, दांड्याला व लोंबीला तिचा नवा पुरवठा मुळांतूनच मिळावा लागतो. त्यांतही लोंबी पोटांत धरल्यापासून ती बाहेर पडेपर्यंतचा काळ या पुरवठ्याच्या दृष्टीनें फार महत्त्वाचा आहे. म्हणून हंगामभर हळूहळू सिलिका सोडणारें खतच भाताला मानवतें.

रोग व किडी यांपासून रक्षण

करप्याची बुरशी पानावर पडली म्हणजे तिचा बीजाणू रुजतो व पानाच्या त्वचेंत एक सुईसारखा अंकुर खुपसतो. सिलिकेचा थर चांगला बसलेला असेल तर या अंकुराला आंत शिरणें कठीण जातें. शिरलाच तर ठिपके कमी पडतात व लहान राहतात. तपकिरी ठिपक्यांच्या रोगाचेंही तसेंच आहे. हा रोग भुकेल्या, निकृष्ट जमिनींतील भातावर विशेष जोर करितो, व ज्या जमिनींत सिलिका कमी तेथें तो हमखास दिसतो. अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांताच्या दलदलीच्या सेंद्रिय जमिनींत सिलिका अगदींच कमी असते. तेथें सिलिकायुक्त मळी घातल्यानें हे दोन्ही रोग लक्षांत येण्याइतके कमी झाले.

पण कवच हेंच सर्व कारण नव्हे. कॅनडांत १९९० च्या दशकांत काकडीवर जे प्रयोग झाले, त्यांत असें दिसलें कीं, सिलिकॉन मिळालेलें रोप बुरशीची चाहूल लागतांच स्वतःचीं बुरशीनाशक द्रव्यें अधिक लवकर व अधिक प्रमाणांत तयार करितें. भातांतही करप्याच्या बाबतींत याच प्रकारचे पुरावे पुढें मिळाले. ही जागृति नेमकी कशी होते याविषयीं शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. परिणामाविषयीं मात्र फारसा वाद नाहीं.

खोडकिड्याच्या बाबतींत काम अधिक उघड आहे. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेंत १९६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या कामांत असें आढळलें कीं, ज्या वाणांच्या दांड्यांत सिलिका अधिक, त्यांवर पोसलेल्या अळ्यांचे जबडे झिजून बोथट झालेले असतात. लहान अळी दांड्यांत शिरण्यापूर्वीं कांहीं वेळ उघड्यावर असते. दांडा कठीण असला तर हा वेळ लांबतो, आणि तेवढ्यांत ऊन, पाऊस, कोळी व इतर शत्रू तिचा समाचार घेतात.

येथें नत्राचा संबंध येतो. नत्र भरपूर घातलें कीं पाला माजतो, पानें लांब, मऊ व गर्द होतात, आणि पाल्याच्या वजनाच्या मानानें सिलिकेचें प्रमाण उतरतें. असें पीक बांधावरून पाहतांना सुरेख दिसतें. पण ढगाळ हवेचे चार दिवस आले कीं करपा त्यावरच प्रथम पडतो, व वारा सुटला कीं तेंच प्रथम लोळतें. तेव्हां जो शेतकरी युरियाची मात्रा वाढवितो व त्याच वर्षीं पेंढा विकून टाकतो, तो एका हातानें रोगाला आमंत्रण देतो व दुसऱ्या हातानें घराचें दार काढून ठेवितो.

हवा, पाणी व क्षार यांचे ताण

सिलिकेनें ताठ झालेलीं पानें उभीं राहतात, त्यामुळें खालच्या पानांसही ऊन मिळतें व दाणा भरण्यास मदत होते. त्वचेवाटें उगाच होणारी पाण्याची वाफ कमी होते, हें लोंबीच्या वेळीं विशेष उपयोगी. कारण तुसाची त्वचा सुकली तर दाणे पोचट राहतात. चिखलाच्या भातजमिनींत लोह व मंगल विरघळून अति झाल्यास मुळांना जें विष होतें, त्याचाही जोर सिलिका कमी करिते.

खारवट जमिनींतील भाताच्या प्रयोगांत सिलिकॉन दिल्यावर मुळांच्या फटींतून पानांकडे जाणाऱ्या सोडियमचें प्रमाण घटल्याचें दिसलें आहे. कोंकणांतील खार जमिनींच्या मालकांना ही माहिती उपयोगी पडेल. तथापि बांध फुटून भरतीचें पाणी आंत येत असेल तर तें राखेनें थांबणार नाहीं. बांध व उघाडी यांची दुरुस्ती हाच तेथें पहिला उपाय. बंगालसारख्या ज्या भागांत विहिरींच्या पाण्यांतून सोमल भाताच्या शेतांत उतरतो, तेथें आणखी एक लाभ आहे. सोमलाचा एक प्रकार भाताच्या मुळांत वरील दोन दरवाजांतूनच शिरतो, हें २००८ सालीं सिद्ध झालें. दाराशीं सिलिकॉनची गर्दी असली म्हणजे सोमलाला वाट कमी मिळते.

कोणत्या जमिनींत उणीव पडते

कोंकणांतील जांभी जमीन कशी बनली हें पाहिलें म्हणजे या प्रश्नाचें अर्धें उत्तर मिळतें. युगानुयुगें पडणाऱ्या जोरदार पावसानें खडकांतील सिलिका विरघळवून समुद्रास नेली, व लोह आणि ॲल्युमिनियम मागें राहिलें, तोच जांभा. म्हणजे जांभी जमीन ही मुळांतच सिलिका हरवलेली जमीन आहे. शिवाय कोंकणांतील भात बहुतांशीं पावसाच्या पाण्यावर होतो. नदीच्या किंवा विहिरीच्या पाण्यांत थोडी सिलिका विरघळलेली असते. लिटरांत १० मिलिग्रॅम धरली तरी एकरांत एक मीटर खोल पाणी दिल्यास सुमारें ४० किलो सिलिका पिकास मिळते. पावसाच्या पाण्यांतून ती जवळजवळ कांहींच मिळत नाहीं. उलट वाहून मात्र जाते.

हलक्या, वालुकामय, फार धुपलेल्या व निव्वळ सेंद्रिय जमिनींतही उणीव पडते. वाळूची जमीन म्हणजे सिलिकेची खाण, असा समज होणें साहजिक आहे. पण गारगोटीची वाळू मुळाला जवळजवळ कांहींच देत नाहीं. याच्या उलट देशावरील काळ्या जमिनींतील चिकणमाती पाण्यांत सिलिका बरीच सोडते. म्हणून तेथें बाहेरून सिलिका घालून मोठा फरक दिसेल अशी अपेक्षा करूं नये.

उणिवेचीं लक्षणें अशीं : पानें मऊ पडून वांकतात व लोंबकळतात, खालच्या पानांवर पिवळट-तपकिरी ठिपके दिसतात, लोंबींत भरलेले दाणे कमी होतात, आणि थोड्या वाऱ्यानेंही पीक लोळतें. हीं लक्षणें दुसऱ्या कारणांनींही येतात, तेव्हां केवळ त्यांवरून निर्णय न करितां पेंढ्याची तपासणी करून घ्यावी. कापणीच्या वेळच्या पेंढ्यांत शेंकडा ५ हून कमी सिलिकॉन असल्यास पिकाला तें कमी पडलें असें समजतात.

घरची सिलिका

आतां उपायाचा विचार करूं. भातानें घेतलेल्या सिलिकेपैकीं सुमारें चार पंचमांश भाग पेंढ्यांत राहतो, व उरलेल्यांतील बहुतेक तुसांत जातो. तांदुळांत ती नांवापुरतीच असते. म्हणजे माणूस जें खातो त्यांत सिलिका नाहीं, आणि जें टाकतो किंवा विकतो त्यांत सर्व आहे. २० क्विंटल भात पिकविणाऱ्या एक एकराचा हिशेब करून पाहा. पेंढाही तितकाच, म्हणजे २० क्विंटल धरला, व त्यांत शेंकडा ५ सिलिकॉन धरलें, तर १०० किलो झालें. २० क्विंटल भातापासून सुमारें ४ क्विंटल तूस निघतें. तें जाळल्यास पांचवा भाग, म्हणजे ८० किलो राख उरते, व त्या राखेंत सुमारें ७० किलो सिलिका, म्हणजे ३३ किलो सिलिकॉन असतें. दोन्ही मिळून जवळजवळ १३३ किलो. एवढें द्रव्य आपल्याच खळ्यांत व गिरणीच्या मागच्या ढिगांत पडलेलें असतें.

कोंकणांत रोपांच्या जागीं गवत, पालापाचोळा, फांद्या व शेण जाळून राब करण्याची वहिवाट जुनी आहे. तिच्या राखेंतून रोपांस क्षार मिळत. तोच हेतु झाडें न तोडतां साधावा, अशी सोय डॉ. नारायण सावंत यांनीं प्रचारांत आणलेल्या भाताच्या चारसूत्री लागवडींत आहे. भाताच्या पिकांतील सिलिकॉनविषयीं त्यांनीं सहकाऱ्यांसह १९९७ सालीं लिहिलेला विस्तृत लेख जगभर आधारास घेतला जातो. चार सूत्रांपैकीं पहिलें सूत्रच भाताच्या अवशेषांचा फेरवापर हें आहे. त्याप्रमाणें रोपवाटिकेच्या गादीवाफ्यांत दर चौरस मीटरास अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मातींत मिसळावी, आणि लावणीच्या शेतांत हेक्टरीं सुमारें २ टन पेंढा पहिल्या नांगरणीच्या वेळीं गाडावा. वरील हिशेबानें २ टन पेंढ्यांतून हेक्टरीं १०० किलो सिलिकॉन परत जातें, व त्याबरोबर पालाशही जातो. राखेच्या वाफ्यावरील रोपें कणखर होतात, व उपटतांना मुळें कमी तुटतात.

या कामांत पुढील गोष्टी सांभाळाव्या.

१. राख काळी अगर करडी असावी. तूस मंद आंचेवर जळलें तर राखेंतील सिलिका पाण्यांत विरण्याजोगी राहते. सुमारें ७०० अंशांहून अधिक तापलेल्या भट्टींतील पांढऱ्या राखेंत ती हळूहळू गारगोटीसारखी स्फटिकमय होत जाते व पिकाला निरुपयोगी ठरते.

२. कोरडी राख वाऱ्यावर उधळूं नये. तिची बारीक धूळ फुप्फुसांस अपाय करिते. पाणी शिंपडून, तोंडास फडकें बांधून ती पसरावी.

३. राख व युरिया एकत्र कालवूं नये. राखेच्या अल्कपणामुळें नत्र वायुरूपानें उडून जातें.

४. पेंढा लावणीपूर्वीं तीन-चार आठवडे गाडावा. ताजा पेंढा कुजतांना जमिनींतील नत्र कांहीं काळ अडवून ठेवितो, व लावणीच्या ऐन वेळीं गाडल्यास रोपें पिवळीं पडतात. करपा फार झालेल्या शेताचा पेंढा कंपोस्ट करून मगच घालावा.

५. पेंढा शेतांतच पेटवूं नये. सिलिका राखेंत राहते हें खरें, पण सेंद्रिय भाग व नत्र यांचा धूर होतो.

पेंढा हें गुरांचें वैरण आहे, तो जमिनींत गाडला तर गुरांनीं काय खावें, असा प्रश्न योग्यच आहे. त्याचें उत्तर असें कीं, पेंढ्यांतील सिलिका गुरांना पचत नाहीं. ती बहुतेक शेणांत जशीच्या तशी उतरते. म्हणून घरच्या गुरांनीं खाल्लेला पेंढा वायां जात नाहीं, मात्र शेण शेतांत परत गेलें पाहिजे. शेणाच्या गोवऱ्या केल्या तर चुलींतील राख तरी उकिरड्यावर न टाकतां वाफ्यांत घालावी. खरी हानि होते ती विकलेल्या पेंढ्यांत व गिरणीवाल्याकडे सोडून दिलेल्या तुसांत. पेंढा विकणेंच प्राप्त असेल, तर त्या पैशांतून गिरणीचें तूस किंवा राख परत आणण्याची तजवीज करावी.

उंसाच्या बागाईतदारांनींही हा न्याय आपल्या पिकास लावावा. हवाई बेटांतील झिजलेल्या जमिनींत सिलिकेचें खत दिल्यानें उंसाचें उत्पन्न वाढल्याचा अनुभव १९६० च्या दशकापासून नमूद आहे. आपल्याकडे उंसाचें पाचट जाळण्याऐवजीं सरींत ठेविलें तर त्यांतील सिलिका शेतांतच राहते.

बाजारांतील सिलिकॉन

हल्लीं सिलिकॉनचीं पातळ औषधें बाटल्यांतून विकलीं जातात व तीं पानांवर फवारण्यास सांगतात. त्यांविषयीं साधा हिशेब करावा. एका लिटरांत शेंकडा १० सिलिकॉन असलें तरी तें १०० ग्रॅम झालें. एकरीं एक लिटर फवारलें व तें सर्वच पानांत शिरलें असें मानलें, तरी तें भाताच्या शंभर किलोंच्या गरजेचा हजारावा भाग होतें. शिवाय सिलिकॉन घेण्याचीं भाताचीं दारें मुळांत आहेत, पानाच्या पाठीवर नाहींत. फवाऱ्याचा उपयोग मुळींच नाहीं असें नव्हे. काकडी व द्राक्ष यांच्या पानांवर पोटॅशियम सिलिकेटचा थर बसल्यानें भुरी कमी झाल्याचें प्रयोगांत दिसलें आहे. पण तो पानाच्या पृष्ठभागावरचा बंदोबस्त झाला, पिकाचें अन्न नव्हे. लोखंडाच्या भट्टीची दळलेली मळी घेणें झाल्यास तींत जड धातू किती आहेत हें पृथक्करणाच्या दाखल्यावरून पाहूनच घ्यावी.

तसेंच सिलिका हें रोगाचें औषध नव्हे, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. बीजप्रक्रिया, रोगप्रतिकारक वाण, नत्राची माफक व विभागून दिलेली मात्रा यांच्या जागीं ती बसत नाहीं. त्यांच्या जोडीस बसते. करपा एकदां भडकल्यावर राख घालून कांहीं साधत नाहीं.

शेतकऱ्यानें स्वतः करावयाचा प्रयोग

आपल्या जमिनीला याची गरज आहे किंवा नाहीं, याचा निकाल शेवटीं आपल्याच जमिनीवर लागतो. एकाच शेतांत, एकाच पातळीवर, पांच पांच गुंठ्यांचे चार पट्टे आंखावे. एक आड एक पट्ट्यांत राखेच्या वाफ्यावरील रोपें व गाडलेला पेंढा, व उरलेल्या दोहोंत साधीं रोपें असावीं. वाण, लावणीचा दिवस, अंतर व नत्र सर्वत्र सारखें ठेवावें. पेंढ्यांतून पालाश मिळतो, तेव्हां साध्या पट्ट्यांत तितका पालाश खतांतून द्यावा, म्हणजे गुण सिलिकेचा कीं पालाशाचा असा घोटाळा होणार नाहीं. प्रत्येक पट्ट्याच्या मधून २५ चूड निवडून त्यांतील करप्याचे ठिपके पडलेलीं पानें, गाभा मेलेले फुटवे व पांढऱ्या पडलेल्या लोंब्या मोजाव्या, आणि कापणीनंतर दाणा व पोचट वेगळें तोलावें. एका वर्षाच्या आंकड्यांवर विसंबूं नये. तीन हंगाम नोंद ठेवावी, कारण करप्याचें वर्ष दरसाल येत नाहीं.

सारांश, भाताच्या पिकानें आपल्या संरक्षणाचें कवच जमिनींतूनच घडवावयाचें असतें, व त्याचें साहित्य दरसाल पेंढ्याच्या भाऱ्यांतून व तुसाच्या पोत्यांतून शेताबाहेर जातें. जांभ्या व हलक्या जमिनींना हा खर्च फार काळ झेपत नाहीं. यंदाच्या झोडणीनंतर प्रत्येकानें एवढेंच करावें : किती पेंढा विकला, किती गुरांनीं खाल्ला, तूस कोठें गेलें व शेण कोठें गेलें, हे चार आंकडे वहींत लिहावे. कोणत्या वाटेनें सिलिका शेताबाहेर जाते तें त्यावरून कळेल, व ती वाट पुढील मृगापूर्वीं बंद करितां येईल.